हीटर नव्हे, फट दोषी

गेल्या हिवाळ्यात वीजबिल पाहून डोळे पांढरे झाले. हीटर २००० वॅटचा, म्हणजे तासाला २ युनिट. तरी पाय गारच. नवा घ्यायचं जवळपास ठरलंच होतं.

मग एका वाऱ्याच्या रात्री उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीभोवती फिरवली. सरळ वर जाणारा धूर खालच्या कोपऱ्यात एकदम आडवा झाला. दाराखाली तर उदबत्ती विझायचीच बाकी! खिडकीच्या फटींना फोमची पट्टी चिकटवली, दाराशी जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी लावली. अंधार पडला की जाड पडदे ओढतो (हीटरपासून लांब, अर्थात). आता झोपण्याआधी तासभर हीटर पुरतो.

घरात कोळशाची किंवा गॅसची शेगडी पेटवत असाल तर मात्र सगळ्या फटी बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कोंडतो, आणि त्याला वास नसतो.