सीसीआरसीत जायचंय? आधी करार मागा
अमेरिकेत निवृत्त झालेली बरीच मराठी मंडळी सीसीआरसीचा, म्हणजे ‘कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी’ या निवृत्तांच्या वसाहतीचा विचार करतात: आज स्वतंत्र घर, पुढे मदतनीस, त्याहीपुढे नर्सिंग, सगळं एकाच आवारात. तिथे गेल्यावर आधी पोहण्याचा तलाव दाखवतील. तुम्ही करार मागा.

करार मुख्यतः तीन प्रकारचे. ‘ए’मध्ये प्रवेश शुल्क भरपूर, पण नर्सिंग लागलं तरी मासिक रक्कम फारशी वाढत नाही, महागाईची वाढ मात्र होतेच. ‘बी’त ही सोय मर्यादित. ‘सी’त सुरुवात स्वस्त, पण सेवा लागेल तेव्हा बाजारभावाने पैसे मोजायचे. ‘मेडिकेअर आहे की’ या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, भरवशावर अजिबात राहू नका. इस्पितळातून आल्यावरच्या नर्सिंगचा खर्च ते मर्यादित काळ, फार तर १०० दिवस उचलतं. नुसती आंघोळ घालायला, भरवायला माणूस हवा असेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत.

प्रवेश शुल्क ‘९० टक्के परत’ असं लिहिलेलं असलं तरी अनेक करारांत ते पैसे घर दुसऱ्याला गेल्यावरच हातात पडतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

जायचंच असेल तर हातपाय धड असताना जा. प्रवेशापूर्वी आरोग्य तपासणी होते आणि आजार बळावल्यावर ‘ए’चा दरवाजा बंद होऊ शकतो.

नर्सिंग विभाग रविवारी संध्याकाळी बघा. कुणी बेल दाबली तर किती वेळाने माणूस येतो? जेवणघरात शाकाहारी ताटही मागून पाहा. आणि लेखापरीक्षित ताळेबंद द्यायला टाळाटाळ झाली, तर माझ्या मते तिथे एक डॉलरही ठेवू नये.