मूठ बदला, पण पात्याचं पाणी सांभाळा: चाकू सजवून घेताना या चुका टाळा

ओपिनेल कंपनीचा आठ नंबरचा घडीचा चाकू. साडेआठ सेंटिमीटरचं कार्बन पोलादाचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ आणि पातं उघडलं की फिरवून अडकवायची कडी. फ्रान्सच्या आल्प्समध्ये जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू केला, कडी १९५५ मध्ये आली. इतका साधा, की त्याला शिसवी मूठ चढवायचा मोह होतोच. मलाही झाला.

माझी पहिली चूक म्हणजे कारागिराला म्हणालो, "जरा चकाचक करून द्या." हात सोन्याचा होता त्याचा, मूठ देखणी झाली. पण पातंही त्याने ग्राइंडरला लावलं. परत आलं ते आरशासारखं, आणि टोकाशी नखाएवढा निळा डाग. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की ही निळी झाक येते. म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. आता दोन टोमॅटो कापले की तिथली धार वळते. नुसती धार लावून हे भरून येत नाही; मऊ भाग घासून काढा, नाहीतर पात्याला पुन्हा पाणी द्या. पात्यावरचा मुकुटवाल्या पंजाचा ठसाही पुसट झाला, त्याचं जास्त वाईट वाटलं.

कैरी, लिंबं कापून पात्यावर काळपट थर येतो, तोही घाण समजून घासायला देऊ नका. त्या थरामुळे तांबडा गंज जरा उशिरा धरतो.

मूठ बदलायची तर कडी आणि पातं धरून ठेवणारा खिळा काढावा लागतो. जुना खिळा ठोकून काढला की पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही, त्यामुळे नवा कुठला घालणार ते आधीच विचारा. कडीखालच्या पत्र्याच्या नळीत लाकूड घट्ट बसलं पाहिजे. तिथे रंधा जास्त चालला तर कडी खुळखुळते आणि पातं बोटांवर मिटायची भीती राहते. ही चूक फेव्हिक्विकने झाकू देऊ नका.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. लाकूड फुगतं, पातं मुठीतल्या फटीत अडकतं, नख लावून नख तुटतं. मे महिन्यात चपखल बसवलेली फट जुलैत दगा देते, म्हणून दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीएवढी सूट मागा आणि लाकूड पूर्ण वाळलेलंच घ्या. तरी अडकलंच, तर मुठीचं मागचं टोक ओट्याच्या कडेवर टक्कन आपटा. पात्याचं टोक बाहेर डोकावतं. या चाकूच्या मुलखातली, फ्रान्सच्या साव्वा भागातली माणसं हेच करतात, पक्कड लावत नाहीत.

सांबरशिंगाची मूठ कोणी देऊ केली तर नको म्हणा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. म्हशीचं शिंग चालतं.

घरी मुठीला तेल द्यायचं तर जवसाचं. खोबरेल वाळत नाही, मूठ चिकट राहते. मात्र तेलाचा बोळा चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळू द्या.