तळ्याचा प्लॅन एकदा फसला, मग असा जमवला

मॅपवर ते तळं रस्ता संपतो तिथून फक्त १४ किलोमीटर दिसत होतं, म्हटलं तीन तासात आरामात पोचू, आणि निघालो दुपारी दोनला. वाटेतच अंधार पडला, तंबू उतारावर ठोकला, रात्रभर स्लीपिंग बॅगसकट खाली घसरत होतो आणि सकाळी तळं न बघताच परत.

घरी मॅप नीट बघितला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, कंटूर लाईन (मॅपवर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) मोजल्याच नव्हत्या, ९०० मीटर चढ होता! डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम आहे, ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर अजून एक, म्हणजे झाले सव्वाचार तास, तेही फिट माणसाचे, न थांबता. मी सरळ सात धरले.

दुसऱ्यांदा पहाटेच निघालो. मॅप ऑफलाईन डाउनलोड केलेला, फोन एअरप्लेन मोडवर (जीपीएसला नेटवर्क लागत नाही, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं), शिवाय कागदी मॅप, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते. पाणी कितीही नितळ दिसलं तरी एक मिनिट खळखळून उकळायचं, २००० मीटरच्या वर असाल तर तीन. कुठून जाणार, कधी परतणार, फोन नाही आला तर कोणाला कळवायचं हे घरी लिहून ठेवलं, ते वाचून आईला जास्तच टेन्शन आलं ते वेगळं.

पोचलो पावणेसात तासात. तंबू पाण्यापासून ६० मीटर लांब, आणि यावेळी सपाटीवर.