जुनी होंडा सिटी व्हीटेक सोलापुरात वापरताय? या चुका टाळा

सोलापुरात गाडीचं काहीही बिघडलं की पहिला आरोपी ठरलेला असतो, तो म्हणजे ऊन. इंजिन तापलं, ऊन. दुपारी चालू होईना, ऊन. अ‍ॅव्हरेज पडलं, तरी ऊनच. मे महिन्यात इथे पारा ४३ च्या आसपास जातो, हे कुणी नाकारत नाही. पण पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचं जेवढं नुकसान या उन्हाने केलं, त्याहून जास्त उन्हावरचा उपाय म्हणून केलेल्या उद्योगांनी केलं आहे.

ही सिटी भारतात १९९८ साली आली. २००० च्या आसपास तिला १.५ लिटरचं, १०६ हॉर्सपॉवरचं व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडून ताकद वाढवणारं) इंजिन मिळालं आणि २००३ च्या अखेरीस नवी सिटी आल्यावर ती थांबली. दिसायला साधी चार दारांची सेडान. पण टोयोटा सुप्रा किंवा माझदा आरएक्स-७ ची स्वप्नं बघणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना परवडणारी जपानी स्पोर्ट्स कार कुठली, तर हीच. तिचं इंजिन होंडाच्या डी-सिरीजमधलं, म्हणजे सीआर-एक्स आणि त्या काळच्या सिव्हिकच्या घराण्यातलं. हे नातं कामाला येतं, कारण त्या गाड्यांच्या नेहमीच्या दुखण्यांतली बरीच हिलाही होतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

ही सगळ्यात मोठी चूक. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल. "आपल्याकडच्या उन्हात वॉलची गरजच नाही, काढून टाकू," असं म्हणणारा मिस्त्री होटगी रोडपासून अक्कलकोट रोडपर्यंत कुठेही भेटेल. बस-ट्रकच्या जुन्या इंजिनांवर हात बसलेला माणूस असतो, हेतूही चांगला असतो. पण या गाडीचं पेट्रोल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजून देतो आणि त्याला इंजिनाचं तापमान लागतं. थर्मोस्टॅट नसला की पुणे हायवेवर इंजिन पुरेसं गरमच होत नाही. ईसीयूला वाटतं, गाडी आत्ताच चालू झाली आहे. तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज कोसळतं. इंजिन ठराविक तापमानाला पोचल्याशिवाय ईसीयू व्हीटेकही चालू करत नाही. म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली, नेमकं तेच हातचं गेलं.

वर गाडी तापायची राहते का? नाही. जुळे सोलापूरहून सात रस्त्याला येईपर्यंत सिग्नलवर काटा चढतोच, कारण मूळ दोष दुसरीकडेच असतो. रेडिएटरचा फॅन उशिरा लागतो, फॅन स्विच गेलेला असतो, रेडिएटर आतून क्षाराने बुजलेला असतो किंवा कॅपचं रबर कडक झालेलं असतं. कॅप ही सर्वात स्वस्त वस्तू आणि सर्वात उशिरा बदलली जाणारी. चांगली कॅप आतला दाब धरून ठेवते, त्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या बरंच वर गेल्याशिवाय उकळत नाही. कॅप दाब सोडू लागली की बाकी सगळं नवं असूनही गाडी पाणी फेकते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवली असेल, तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट एकदा टॉर्चने बघा. पाचट आणि धूळ तिथे जाड थर करून बसते. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारायचं. समोरून फवारा मारला की कचरा आणखी आत रुततो.

थर्मोस्टॅट काढताना आणखी एक गंमत होते. त्या काळच्या होंडांमध्ये ईसीयूच्या अर्थिंगच्या वायरी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरच्या बोल्टला जोडलेल्या असतात. ती जोडणी परत लावायची राहिली, किंवा गंजलेल्या पत्र्यावर तशीच आवळली, की गाडी असे चाळे करते की माणूस चक्रावतो: आरपीएम वरखाली, सेन्सरचे खोटे दोष, मध्येच बंद पडणं. मग नवे सेन्सर, जुन्या बाजारातला ईसीयू, असा हजारोंचा खर्च सुरू होतो. पॉलिश पेपरने तो बोल्ट आणि वायरीची टोकं घासायला पाच मिनिटं लागतात.

आता पाण्याविषयी. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचं घातलं जातं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो, तोच इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये बसतो. "कूलंट थंडीच्या गावाला लागतं, इथे काय बर्फ पडतोय?" हा प्रश्न ऐकायला बरा वाटतो, पण कूलंटचं इथलं काम गंज रोखणं आणि उत्कलनबिंदू वाढवणं हे आहे. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट निम्मं-निम्मं घ्या. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅटजवळचा हवा काढायचा बोल्ट सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. हवा आत अडकली की काटा उगाच नाचतो, आणि त्यावरून हेड उतरवलेल्या गाड्या सोलापुरात कमी नाहीत.

दुपारी चालू होत नाही, म्हणून पेट्रोल पंप बदलणे

लक्षण ठरलेलं असतं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू. नवी पेठेत तासभर उन्हात उभी केली, परत आलात, की सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने, काचा खाली करून ठेवल्यावर, काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजला नेईपर्यंत सगळं ठीक, त्यामुळे दोष सापडत नाही आणि अंदाजाने टाकीतला पंप बदलला जातो.

नव्वदच्या दशकातल्या होंडांचा हा जगभर माहीत असलेला आजार आहे. डॅशबोर्डखाली मेन रिले असतो, त्याच्यावरून इंजेक्शनला आणि पंपाला करंट जातो. त्याच्या सर्किट बोर्डवरच्या सोल्डरला वर्षांनुवर्षांच्या तापण्या-निवण्याने बारीक गोल चिरा पडतात. केबिन तापलं की चीर उघडते, निवलं की जुळते. इथे मात्र उन्हाचा वाटा खरा आहे, हे मान्य.

तपासणीला पैसे लागत नाहीत. गाडी चालू होत नसेल तेव्हाच, सेल्फ न मारता चावी ऑन करा आणि कान द्या. मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. चेक इंजिनचा दिवा लागून दोनेक सेकंदांत विझतो, पण पंपाचा आवाज नाही, असं झालं तर आधी रिलेवर संशय घ्या. रिले उघडून भिंगाखाली बघितला की चिरा दिसतात. टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही चांगला कारागीर सोल्डरिंग नव्याने करून देतो. पंप वाजतोय, तरी इंजिन पकडत नाही, तर मग प्लगला करंट येतो का ते बघा. डिस्ट्रिब्यूटरमधला इग्नायटर आणि कॉइल हेही गरम झाल्यावरच दगा देतात. डिस्ट्रिब्यूटरचं कव्हर काढल्यावर आत ऑइल दिसलं, तर आतलं सील गेलंय, हेही लक्षात घ्या.

आणि चेक इंजिनचा दिवा कायम जळत असेल तर त्याचा बल्ब काढून टाकू नका. (हो, बल्ब काढलेल्या गाड्या बाजारात विकायला असतात. चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर सावध व्हा.) या पिढीच्या होंडांना स्कॅनर लागत नाही. पुढच्या प्रवाशाच्या बाजूला डॅशबोर्डखाली दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर असतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची जागा खात्री करून घ्या, तो वायरीच्या तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा. दिवा लुकलुकून कोड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. सहा म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, एकवीस म्हणजे व्हीटेकचा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा विजेवरचा वॉल), बावीस म्हणजे व्हीटेकचा ऑइल प्रेशर स्विच.

"व्हीटेक मेलंय" म्हणून हेड खोलणे

गाडी उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि आवाज बदलला नाही की निकाल द्यायचा, ही तपासणीच चुकीची. गाडी चालती नसेल, इंजिनावर भार नसेल, तर ईसीयू व्हीटेक लावतच नाही. हायवेवर, गरम इंजिनावर, तिसऱ्या गिअरला बघा.

तिथेही नाही लागलं तर पहिली डिपस्टिक. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं, ऑइल कमी म्हणजे व्हीटेक बंद. त्यानंतर सोलेनॉइड उतरवून त्याच्या गॅस्केटमधली जाळी बघा. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती गाळाने भरलेली असते. साफ करा, गॅस्केट नवं घाला. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

"उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका" हा सल्लाही इथे बसत नाही. होंडाच्या पुस्तिकेत जो ग्रेड दिला आहे, त्याच्यापासून फार लांब जाऊ नका. त्याहून वाईट प्रकार गिअरबॉक्समध्ये होतो. या गिअरबॉक्सला होंडाचं स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं. ते मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल, अशी होंडाचीच त्या काळची सूचना आहे. गॅरेजमध्ये मात्र डब्यातलं नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल ओतलं जातं. मग सकाळी दुसरा गिअर अडकतो आणि सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणारी रिंग) गेल्याचं निदान होतं. आधी ऑइल बदलून बघा. पॉवर स्टिअरिंगमध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओतणं हा त्याचाच चुलत भाऊ. त्याने सील खराब होऊन रॅक गळू लागतो.

किलोमीटर कमी, म्हणून बेल्ट तसाच

ओडोमीटरवर साठ हजार दिसले की माणूस खूश होतो. पण टायमिंग बेल्ट रबराचा आहे, आणि वीस वर्षांत रबर न चालताही म्हातारं होतं. या घराण्यातल्या बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला आदळतात. जुनी गाडी घेतली आणि बेल्टच्या कामाचं बिल सोबत आलं नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, त्यामुळे पंप, टेन्शनर आणि सील एकाच वेळी करा.

नव्या मिस्त्रीला एक गोष्ट आधी सांगून ठेवा. होंडाचं हे इंजिन पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. मारुतीच्या सवयीने पाना उजवीकडे फिरवला की टेन्शन चुकीचं बसतं आणि बेल्ट दात सोडतो.

टॅपेट सेटिंगचाही (व्हॉल्व्हचा गॅप जुळवण्याचा) इथे एक खास सोलापुरी पेच आहे. इंटेकला ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर गॅप ठेवायचा, तोही हेडचं तापमान ३८ अंशांच्या खाली असताना. मे महिन्यात दुपारी इथे गाडी चालवलेलीच नसली तरी हेड त्याच्या वर असतं. म्हणून हे काम पहाटे करा, गाडी रात्रभर उभी ठेवून. गॅरेज दहाला उघडतं ही अडचण खरी आहे. मिस्त्रीला घरी बोलवा, चहा पाजा.

आपल्याच उसाचं पेट्रोल

या विनोदावर सोलापूरकरांनी हसावं की रडावं, कळत नाही. जिल्हाभर साखर कारखाने. त्यांच्या इथेनॉलचे टँकर रस्त्यावर दिसतात, आणि तेच २० टक्के इथेनॉल पेट्रोलमधून आपल्या टाकीत येतं. आपल्या १ जानेवारी २००९ नंतर बनलेल्या गाड्यांचं साहित्य ई२० ला चालतं, असं होंडाने सांगितलं आहे. आपली सिटी त्याच्या कितीतरी आधीची.

घाबरून गाडी विकायची गरज नाही, पण रबर बदला. टाकीपासून इंजेक्टर रेलपर्यंतचे पेट्रोलचे पाईप, इंजेक्टरचे ओ-रिंग, फिल्टर. पाईप घेताना त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा पाईप इंजेक्शनच्या दाबाला टिकत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. उघडा कोन एअर फिल्टर लावून बॉनेटखालची तापलेली हवा आणि एमआयडीसीची धूळ इंजिनाला पाजणं, याबद्दल जास्त लिहीत नाही. मूळ फिल्टरचा डबा परत लावा.

पत्रा आणि कागद

सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीचा पत्रा सहसा चांगला असतो, रंग मात्र उडालेला. मुंबईहून आलेली गाडी चकचकीत असेल तर उलट शंका घ्या. मागच्या चाकांच्या कमानी, दाराखालचे सिल, डिकीतलं स्टेपनीचं खोलगट आणि मॅटखालची जमीन बघा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे पुट्टी आहे. धुळीने भरलेली गाडी टॉवेलने कोरडी पुसू नका, तो टॉवेल सोलापूरचा असला तरी. बोअरच्या पाण्याने उन्हात धुतलेल्या गाडीवर पांढरे ठिपके कायमचे बसतात.

पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चक्कर मारण्याआधी आरसी हातात घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. सोबत पर्यावरण कर. व्हिंटेजच्या सवलतीची आशा धरू नका, त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. दुसऱ्या जिल्ह्याची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि दंडाच्या चलनांची थकबाकी आधी बघा. इंजिन बदललेलं असेल तर त्याचा नंबर आरसीवर चढलेला आहे का, ते प्रत्यक्ष इंजिनावर घासून वाचा. नंबर जुळत नसेल तर मालक कितीही ओळखीचा असला तरी बयाणा देऊ नका.