सदाफुलीचा जीन यीस्टमध्ये घालण्याआधी

सोलापुरात दर दुसऱ्या अंगणात सदाफुली असते. पाणी चुकलं तरी फुलते, शेळी तिला तोंड लावत नाही. कर्करोगावरचं व्हिनब्लास्टिन तिच्याच पानांतून येतं. १ ग्रॅमसाठी साधारण ५०० किलो सुकी पानं लागतात. म्हणून तिचे जीन यीस्टमध्ये घालून औषधाचा कच्चा माल टाकीत बनवायचा, अशी ही विद्या. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी त्यातली एकच पायरी घेतली: त्या वाटेवरच्या गेरॅनिऑल या रसायनाला पुढचं रूप देणारं सदाफुलीचं एन्झाइम.

जीन घालणं जमलं. यीस्टच्या पेशी लिथियम ॲसिटेटमध्ये घेऊन ४२ अंशांवर ४० मिनिटं ठेवायच्या. (४२ म्हणजे आमचा मे महिना.) तीन दिवसांत प्लेटवर साबुदाण्यासारख्या कॉलनी उठल्या. पीसीआर चाचणीचा बँडही जागच्या जागी, म्हणजे जीन आत गेल्याची खूण. रात्री घरी फोन करून आईला सांगितलं, झालं.

मिश्रणातली रसायनं वेगळी करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीत (जीसी) मात्र हवं ते रसायन दिसेना. दोन महिने मी तोच जीन पुन्हा पुन्हा घालत बसलो. खोट जीनमध्ये नव्हतीच. हे एन्झाइम पी४५० घराण्यातलं. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं रिडक्टेज लागतं आणि यीस्टचं स्वतःचं अपुरं पडतं, तेही वनस्पतीचंच सोबत द्यावं लागतं. शिवाय यीस्टचं ओवायई२ हे एन्झाइम गेरॅनिऑलचं परस्पर सिट्रोनेलॉल हे भलतंच रसायन करून टाकतं. सिट्रोनेलॉलची रेघ माझ्या आलेखात पहिल्या दिवसापासून होती. मला ती ओळखता आली नाही.

म्हणून असा प्रोजेक्ट घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, आधी मोजायला शिका. शुद्ध गेरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल मशीनवर चालवून दोन्हींच्या मशीनमधून बाहेर पडण्याच्या वेळा वहीत लिहा. जीन न घातलेलं यीस्टही प्रत्येक वेळी सोबत चालवा. फ्लास्क उघडल्यावर खोलीभर गुलाबाचा वास सुटला, तर तुमचं गेरॅनिऑल हवेत चाललंय. वर डोडेकेन या तेलकट द्रावकाचा थर द्या. त्यानं पेशीही वाचतात, कारण गेरॅनिऑल यीस्टला मारक आहे.

२०२२ मध्ये जे (Jay) कीसलिंग या शास्त्रज्ञांच्या गटानं यीस्टमध्ये वनस्पतींचे ३४ जीन घातले, एकूण ५६ बदल केले, तेव्हा कुठे विंडोलिन आणि कॅथरँथिन हे व्हिनब्लास्टिनचे दोन भाग मिळाले, तेही लिटरला काहीशे मायक्रोग्रॅम. दोन्ही जोडून व्हिनब्लास्टिन करायचं काम पुढे रसायनशास्त्रानं केलं. तुमची एक पायरी नीट मोजलेली असली, तरी प्रोजेक्टला पुरेशी आहे.

यीस्टचे स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवता येतात. जैवसुरक्षा समितीच्या परवानगीचा अर्ज मात्र आधी टाका. आणि गाईडना पहिल्याच आठवड्यात विचारा: जीसी मशीन कुठे आहे, आपला नंबर कधी लागेल?