युजर ग्रुपची डिस्क-पेटी सांभाळताना

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या वापरकर्त्यांच्या गटात, म्हणजे लिनक्स युजर ग्रुपमध्ये, नव्याने आलेल्या सदस्याला पुष्कळदा असे वाटते की, आपल्याला अजून प्रोग्रॅमिंग येत नाही, कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) ओळख नाही, तेव्हा गटाला आपला फारसा उपयोग नाही. माझे मत नेमके उलट आहे. गटाची, लिनक्सच्या वाटायच्या सीडी-डीव्हीडींची पेटी सांभाळण्याचे काम नवख्या माणसानेच आवर्जून मागून घ्यावे. कारण मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना काय सांगतो, संगणक बूट (सुरू) होताना काय घडते आणि दुसऱ्याच्या हाती दिलेल्या प्रतीची जबाबदारी कुठवर जाते, हे सगळे या एकाच कामात शिकायला मिळते. हे काम मी बराच काळ केले आणि त्यातून एक गोष्ट पक्की पटली: डिस्क लिहून झाली म्हणजे वाटप झाले असे नाही. घेणाऱ्याच्या यंत्रावर ती चालली, तिच्यात काय आहे हे त्याला समजले आणि तीच प्रत पुढे कोणालाही देण्याचा हक्क आपल्याला आहे हेही त्याला कळले, की मग ते वाटप पूर्ण होते.

डिस्का वाटण्याची ही प्रथा गरजेतून रुळली. सीडीच्या आकाराची, म्हणजे ७०० एमबीची, फाइल ५६ केबीपीएसच्या मोडेमने पूर्ण वेगाने उतरवली तरी २८ ते २९ तास लागतात, आणि टेलिफोनची जोडणी इतका वेळ अखंड टिकणे जवळजवळ अशक्य असे. त्यामुळे ज्याच्याकडे बरी जोडणी आहे त्याने एकदा उतरवून घ्यायचे आणि बाकीच्यांनी त्या प्रतीवरून प्रती करायच्या, ही पद्धत गटोगटी रूढ झाली. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या लिनक्स-प्रणालीने २००० पासून एक मोठी सोय केली: हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण प्रणाली सीडीवरूनच चालवून दाखवता येऊ लागली. पुढे कॅनॉनिकल कंपनी आपल्या उबुंटू या लिनक्स-प्रणालीच्या सीडी शिपइट योजनेतून मागेल त्याला विनामूल्य पाठवत असे. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आज जोडण्या वेगवान आहेत आणि अनेक नव्या लॅपटॉपांना डिस्क ड्राइव्हच नसतो, तरी पेटीचे काम संपलेले नाही. यूएसबीवरून बूट न होणारी जुनी यंत्रे, मोजूनमापून डेटा वापरणारी माणसे आणि नेट नसलेल्या प्रयोगशाळा यांना डिस्कच उपयोगी पडते. शिवाय लिहून बंद केलेल्या डिस्कमध्ये नंतर कोणाला काही बदलता येत नाही. दहा संगणकांतून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हबद्दल अशी खात्री देता येत नाही.

पेटीत काय ठेवावे, याबाबत नव्या स्वयंसेवकाचा उत्साह थोडा आवरावा लागतो. वीस वितरणे (उबुंटू, फेडोरा, डेबियन यांसारखे लिनक्सचे तयार संच) जमवण्यापेक्षा तीन किंवा चारच ठेवावीत, पण त्यांची चालू आवृत्ती ठेवावी आणि त्यांच्याविषयी विचारलेल्या प्रश्नांना गटात उत्तर देणारे कोणीतरी असावे. प्रत्येक आवृत्तीला आयुष्य असते. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकालीन आधाराच्या) आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-अद्यतने मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची एखादी आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला सुमारे तीन वर्षांचा नियमित आधार आणि त्यापुढे दीर्घकालीन आधाराची दोन वर्षे मिळतात. ज्याचे नेट तुटपुंजे आहे त्याला नऊ महिन्यांची आवृत्ती देणे म्हणजे लवकरच पुन्हा सगळे उतरवायला लावणे होय. तीन-चार महिन्यांपूर्वीची डिस्क देतानाही आधाराची मुदत कधी संपते, हे त्याला तोंडी सांगावे.

प्रतीचा प्रकारही बारकाईने पाहावा. डेबियनची नेटइन्स्ट प्रत आकाराने लहान आणि लिहायला सोपी असते, पण ती बहुतेक पॅकेजे (प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे) नेटवरून घेते. नेट नसलेल्या माणसाला ती दिली तर त्याच्या हाती ओकीबोकी प्रणाली राहते. त्याला पूर्ण डीव्हीडीच द्यायला हवी. डेबियनच्या संचात पॅकेजे लोकप्रियतेच्या क्रमाने मांडलेली असतात, म्हणून पहिल्या डिस्कवर बहुतेकांचे काम भागते आणि पुढच्या डिस्का एपीटी-सीडीरॉम या आदेशाने पॅकेजांचे स्रोत म्हणून जोडता येतात. तिसरी बाब प्रोसेसरची. ज्या जुन्या यंत्रांना डिस्कची खरी गरज असते, त्यांपैकी बरीचशी ३२-बिट असतात, आणि मोठी वितरणे आता तिकडे वळत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. अशा यंत्रांसाठी डेबियन १२ ची ३२-बिट प्रत पेटीत वेगळी ठेवावी आणि तिच्यावर ठळक खूण करावी.

आता उतरवण्याकडे येऊ. आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची एका फाइलीतली प्रतिमा) पूर्ण उतरली की प्रथम तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून वितरणाने प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडून पाहावा. यातून वाटेत फाइल बिघडली नाही एवढेच कळते. ती यादीच कोणी बदलली नाही ना, हे कळण्यासाठी यादीवरची जीपीजी स्वाक्षरी (डिजिटल सही) तपासावी लागते, आणि ही पायरी नवे सदस्य सर्रास गाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरकाव करून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि त्या दिवशी काही जणांनी मागचे दार (हल्लेखोराला आत शिरायची चोरवाट) ठेवलेली आयएसओ उतरवली होती. ज्या ठिकाणी फाइल बदलता येते, तिथे तिच्याशेजारचा चेकसमही बदलता येतो. स्वाक्षरी मात्र खाजगी किल्लीशिवाय बनवता येत नाही. ती तपासण्याची सार्वजनिक किल्ली खरी आहे का, हे गटातल्या अनुभवी सदस्यांकडच्या तिच्या ठशाशी (फिंगरप्रिंटशी) जुळवून पाहावे. एकाच्या तपासणीवर पन्नास जण विसंबणार असतात. म्हणून ही तपासणी गटात नेमलेल्या माणसाने करावी आणि दुसऱ्याने तिच्यावर नजर टाकावी.

लिहिण्याच्या कामात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे आयएसओ फाइल साध्या फाइलसारखी डिस्कवर टाकणे. अशी डिस्क बूट होत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: डिस्क उघडल्यावर आत एकच मोठी फाइल दिसली तर ती चुकीची लिहिली गेली आहे, आणि अनेक फोल्डर दिसले तर बरोबर. केथ्रीबी किंवा ब्रासेरो या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रतिमा लिहिण्याचा पर्याय वेगळा असतो, तोच निवडावा. वेग ड्राइव्हच्या कमाल वेगापेक्षा कमी ठेवावा. मिनिटे थोडी अधिक जातात, पण जुन्या ड्राइव्हमध्ये वाचन सुकर होते असा माझा अनुभव आहे. क्षमतेचा हिशेबही आधी करावा. डीव्हीडीवर छापलेले ४.७ जीबी हे दशमान पद्धतीचे असतात. १०२४ च्या पटीत मोजणाऱ्या संगणकाला ते सुमारे ४.३८ दिसतात, त्यामुळे ४.५ दिसणारी प्रतिमा एकेरी थराच्या डीव्हीडीवर मावणार नाही.

लिहून झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून तिचाही चेकसम काढावा, आणि शक्यतो ज्या ड्राइव्हने लिहिली त्याहून वेगळ्या ड्राइव्हवर काढावा. लिहिणारा ड्राइव्ह स्वतःची डिस्क बहुधा वाचतो. प्रश्न घेणाऱ्याच्या ड्राइव्हचा असतो. वाचताना प्रतिमेत जितके २०४८ बाइटचे सेक्टर आहेत तितकेच वाचावेत, नाहीतर शेवटी भरलेल्या शून्यांमुळे डिस्क चांगली असूनही चेकसम जुळत नाही आणि नवा माणूस चांगल्या डिस्का फेकून देतो. फेडोराच्या माध्यमात ही तपासणी बूटच्या मेनूमध्येच दिलेली असते. ती घेणाऱ्याला दाखवून द्यावी.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. त्याने तोल जातो आणि डिंक कालांतराने थराला बाधतो. मऊ टोकाच्या मार्करने नाव, आवृत्ती, ३२ की ६४-बिट, आणि लिहिल्याचा महिना व वर्ष एवढे लिहावे. सीडीतला डेटाचा थर छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो, म्हणून वरच्या बाजूचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधे सुरक्षित असतो.

याहून अधिक वेळ मला नव्या स्वयंसेवकाशी परवान्याविषयी बोलायला द्यावासा वाटतो, कारण इथे सदिच्छा पुरेशी नसते. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचे सॉफ्टवेअर वाटायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि डिस्कसाठी पैसे घेण्यासही मनाई नाही. पण त्या हक्कासोबत एक कर्तव्य येते: ज्याला चालवण्याजोगी प्रत दिली, त्याला तिचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर) मिळवण्याची सोयही आपणच करायची. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ ची आहे आणि लिनक्स कर्नल आजही तिच्याखालीच आहे. तिच्या तिसऱ्या कलमानुसार एकतर सोर्स सोबत द्यावा, किंवा किमान तीन वर्षे लागू राहील असा लेखी देकार (ऑफर) द्यावा की, जो कोणी मागेल त्याला प्रत करण्याच्या खर्चापेक्षा अधिक न घेता सोर्स दिला जाईल. आपल्याला मिळालेला देकार पुढे सरकवण्याची तिसरी वाटही आहे, पण ती फक्त बिगरव्यापारी वाटपासाठी, आणि तीही मूळ प्रत तशा देकारासह मिळाली असेल तरच. नेटवरून उतरवलेल्या आयएसओसोबत असा देकार बहुधा नसतो.

“सोर्स तर वितरणाच्या संकेतस्थळावर आहे, ज्याला हवा तो घेईल,” हे वाक्य मी अनेक गटांत ऐकले आहे. दुसऱ्या आवृत्तीखाली डिस्क हातात देताना ते पुरत नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने लेखी देकार नेटवरून पूर्ण करण्याची मुभा दिली, परंतु एका डिस्कवर दोन्ही आवृत्त्यांखालची पॅकेजे असतात, म्हणून कठोर अट पाळणेच सुरक्षित. मला पटलेली व्यवस्था अशी की, ज्या आवृत्तीच्या डिस्का वाटायच्या तिच्या सोर्स-प्रतिमाही त्याच वेळी उतरवून पेटीत ठेवाव्यात, आणि प्रत्येक डिस्क देताना विचारावे, “सोर्सही हवा आहे का?” बहुतेक जण नको म्हणतात. पण जो हो म्हणतो, त्याच्यासाठीच हा परवाना लिहिला गेला आहे, आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे मला कधीच मान्य नव्हते. ही सोय त्याच वेळी करण्याचे कारणही व्यावहारिक आहे: वर्षभराने नेमक्या त्याच आवृत्त्यांचा सोर्स मिररवरून (वितरणाच्या फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) शोधून काढणे जिकिरीचे होते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे वाटण्याचा हक्क आपल्याला नाही, ते पेटीत येऊ देऊ नये. फुकट उतरवता येणारा प्रत्येक ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम पुढे वाटता येतोच असे नाही. डेबियनच्या अधिकृत डिस्का पूर्वी केवळ मुख्य, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या, विभागापुरत्या असत आणि अमुक्त फर्मवेअर (हार्डवेअरला चालायला लागणारे सॉफ्टवेअर) वेगळे घ्यावे लागे. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट झाले, कारण त्याशिवाय अनेक लॅपटॉपांचे वायफायच चालत नसे. वितरणाच्या प्रतिमेत स्वतः बदल करून ती त्याच नावाने वाटणेही टाळावे. कोड मुक्त असला तरी नाव आणि बोधचिन्ह यांना व्यापारचिन्हाचे नियम लागू असतात, आणि बदललेल्या प्रतीमुळे आलेल्या तक्रारी मूळ प्रकल्पाच्या माथी येतात.

डिस्क हाती देताना दहा मिनिटे बसावे. ज्याला शक्य आहे त्याने आपले यंत्र सोबत आणावे, असे मी आधीच सांगत असे. बूटचा क्रम कसा बदलायचा ते दाखवावे, लाइव्ह (डिस्कवरूनच चालणारी) प्रणाली चालवावी, आणि आवाज, वायफाय, पडदा व कीबोर्डवरची देवनागरी एवढे त्याच्यासमोर तपासावे. काही चालत नसेल तर ते इन्स्टॉल करण्याआधी कळलेले बरे. हार्ड डिस्कचे विभाजन करण्याआधी त्याच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. इथे घाई करणाऱ्या सदस्याला थांबवण्याचे धैर्य स्वयंसेवकाकडे हवे. आणि ही डिस्क मित्रांना प्रत करून देता येते, शाळेत दहा संगणकांवर चालवता येते, हे आवर्जून सांगावे. अनेकांना त्यात काही गैर तर नाही ना, अशी शंका असते. ती विचारली जाण्याची वाट पाहू नये.

पेटीसोबत एक साधी वही ठेवावी. तिच्यात वितरण, आवृत्ती, स्वाक्षरी कोणी तपासली, डिस्क कोणत्या महिन्यात दिली आणि ती चालली का, एवढ्या नोंदी असाव्यात. घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहिण्याची गरज नाही. एकाच घाऊक पाकिटातल्या कोऱ्या डिस्का वारंवार वाचल्या जात नसतील, तर ते या वहीतूनच लक्षात येते. आधार संपलेल्या आवृत्तीच्या डिस्का त्या आठवड्यातच पेटीतून काढून टाकाव्यात. त्यांच्या सोर्स-डिस्का मात्र काढू नयेत: लेखी देकार दिला असेल, तर त्या आवृत्तीची शेवटची डिस्क ज्या दिवशी दिली त्या दिवसापासून किमान तीन वर्षे त्या ठेवाव्या लागतात, आणि पेटी दुसऱ्या स्वयंसेवकाकडे सोपवताना ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावी.