गायन स्पर्धेचं परीक्षण करताय? या चुका टाळा

टीव्हीवरच्या एका गायन स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना मी परीक्षक म्हणून बसले होते. एक मुलगा मुखडा अगदी चोख गायला आणि अंतऱ्यात शिरल्या शिरल्या त्याचा सूर सुटला. शेवटपर्यंत तो खालीच लागत राहिला. 'रियाज कमी पडतोय' असं मी त्याला सांगितलं आणि दहापैकी पाच गुण दिले. चहाच्या सुट्टीत साउंड इंजिनिअर म्हणाले की अंतऱ्याच्या आधीच त्याच्या कानातला मॉनिटर बंद पडला होता. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसताना तो नुसत्या अंदाजाने गात होता. तोवर गुण नोंदवले गेले होते आणि मुलगा घरी निघून गेला होता.

त्यानंतर मी परीक्षणाची माझी पद्धत बदलली. पुढे लिहिलंय ते त्यातून आलेलं आहे. नव्याने परीक्षक होणाऱ्यांसाठी ते आहेच, पण घरी बसून मत देणाऱ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

बेसूर म्हणण्याआधी कारण शोधा

सूर चुकला हे कुणालाही कळतं. तो का चुकला हे ओळखता येणं हे परीक्षकाचं खरं काम, आणि घाई सगळ्यात जास्त तिथेच होते. चूक कुठे आणि कशी होते याकडे लक्ष दिलं तर बहुतेक वेळा कारण सापडतं.

फक्त वरचेच सूर कणभर कमी पडत असतील तर पट्टी चढी आहे. स्पर्धक मूळ गाण्याच्या पट्टीचा हट्ट धरतात आणि स्वतःच्या गळ्याला ती बसते की नाही हे पाहत नाहीत. अशा वेळी 'तुझा वरचा सूर लागत नाही' म्हणण्यापेक्षा 'पुढच्या वेळी अर्धा स्वर खाली घे' हे सांगणं जास्त कामाचं. ओळीच्या शेवटी, लांबवलेल्या अक्षरावर सूर घसरत असेल तर दम संपतोय. मग श्वास कुठे घ्यायचा, ओळ कोणत्या शब्दापाशी तोडायची, हे त्याला दाखवता येतं. पहिली ओळ चुकली आणि दुसरीपासून सगळं जागेवर आलं, तर एक तर ती धास्ती होती, नाही तर सुरुवातीच्या संगीतातून आपला सूर त्याला सापडला नाही. सूर सतत चढा लागत असेल तर स्पर्धक जोर लावून गातोय. मंचावर वाद्यांचा आवाज फार मोठा असला की हे हमखास होतं.

आणि एखाद्या ठिकाणापासून अचानक सगळंच बिघडलं, तर आधी यंत्रणेवर संशय घ्या. स्पर्धक कानातला मॉनिटर चाचपतोय, एक कान मोकळा करतोय, विंगेकडे पाहतोय, या खुणा असतात. मी त्या दिवशी त्या पाहिल्या नव्हत्या, कारण मान खाली घालून शेरा लिहीत होते.

लयीचंही असंच आहे. कधी पुढे पळणं, कधी मागे राहणं, समेवर येताना अडखळणं, हा ताल कच्चा असल्याचा पुरावा. पण गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखंच किंचित मागे असेल, तर दोष ऐकू येण्यात असू शकतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मॉनिटरशिवाय गाणारा स्पर्धक वादकांपासून १० मीटरवर उभा असेल, तर ठेका त्याच्या कानावर जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा पडतो. तो त्या उशिरा आलेल्या ठेक्याशी इमानदारीने जुळवून गातो आणि आपण त्याला लयीचं भान नाही म्हणून मोकळे होतो.

उपाय अगदी साधा आहे. गुण लिहिण्याआधी विचारा, 'नीट ऐकू येत होतं का?' स्पर्धक सबब सांगेल अशी भीती काहींना वाटते. इंजिनिअर बाजूलाच असतात, त्यांच्याकडून लगेच खात्री होते. मुद्रित भाग असेल तर पुन्हा गायला लावता येतं. थेट प्रक्षेपणात ते शक्य होईलच असं नाही, म्हणून तांत्रिक बिघाड झाल्यास नियम काय, हे पहिल्याच दिवशी निर्मात्यांना विचारून लिहून घ्यावं.

तुम्ही नेमकं काय ऐकताय?

परीक्षकाच्या टेबलापाशी येणारा आवाज आणि घरी पोचणारा आवाज एक नसतो. टेबलापाशी मंचावरचे स्पीकर, प्रेक्षकांच्या टाळ्या आणि ड्रम यांची सरमिसळ असते. गळ्यातला आवाज त्यात कधी बुडतो, कधी भरपूर घुमवल्यामुळे आहे त्याहून गोड लागतो. घुमारा जास्त असला की सुरांच्या कडा पुसट होतात आणि लहान चुका झाकल्या जातात. माझी नेहमीची मागणी असते की एका कानासाठी हेडफोन द्या आणि त्यात स्पर्धकाचा कोरा आवाज सोडा, घुमारा जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी ही मागणी जरा विचित्र वाटते, पण मिळते. दुसरा कान मोकळा ठेवायचा, म्हणजे वाद्यांशी मेळ कसा आहे तेही कळतं.

घरच्या प्रेक्षकांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९९७ साली ऑटोट्यून बाजारात आलं तेव्हापासून मुद्रित आवाजातला सूर नंतर दुरुस्त करणं सोपं झालं आहे. २०१० मध्ये ब्रिटनच्या 'द एक्स फॅक्टर'मध्ये स्पर्धकांच्या आवाजावर असं तंत्र वापरल्याचं उघड झालं आणि मोठा वाद झाला. 'परीक्षकाने उगाच कमी गुण दिले, आम्हाला तर सुरेल वाटलं' असं म्हणताना दोघांनी ऐकलेलं गाणं एकच होतं का, हा प्रश्न राहतो. मी स्वतः प्रक्षेपण पाहून माझं मत बदलत नाही. मंचासमोर कानावर पडलं तेवढंच माझ्यासाठी गाणं.

डोळे आधी निकाल लावतात

२०१३ साली चिया-जुंग त्साय यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांमधल्या सादरीकरणांचे तुकडे लोकांना दाखवून विजेता ओळखायला सांगितलं होतं. काहींना नुसता आवाज ऐकवला, काहींना नुसतं चित्र दाखवलं, आवाज बंद करून. विजेते जास्त बरोबर ओळखले ते आवाजाशिवाय चित्र पाहणाऱ्यांनी, आणि यात नवखे जसे होते तसे व्यावसायिक संगीतकारही होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती. आपण वर्षानुवर्षं ऐकतोय असं समजून पाहतच होतो की काय?

टीव्हीवर तर हे आणखी वाढतं. गाण्याआधी स्पर्धकाच्या घरची, अडचणींची छोटी फीत दाखवतात. ती खरी असते, मन हलवून टाकते, आणि गाणं सुरू होण्याआधीच आपल्या हाताने दोन गुण दिलेले असतात. उलटही होतं. २००९ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'मध्ये सुझन बॉइल मंचावर आल्या तेव्हा त्यांचं वय आणि राहणी पाहून सभागृहात हसू पसरलं होतं, आणि त्यांनी तोंड उघडल्यावर तेच सभागृह उभं राहिलं. पण पहिल्या ओळीत सगळ्यांना गप्प करायची ताकद प्रत्येकात नसते. सावकाश खुलणारा गळा त्या हसण्याखाली दबून जातो.

'द व्हॉइस'ची पहिली आवृत्ती २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, तिथे परीक्षकांच्या खुर्च्याच पाठमोऱ्या ठेवल्या. सगळीकडे ते जमणार नाही. मी फीत सुरू असताना आधीच्या स्पर्धकाच्या नोंदी पूर्ण करते आणि मुखडा संपेपर्यंत नजर कागदावर ठेवते. त्यानंतर मान वर. (मॉनिटर बिघडल्याच्या खुणा दिसायला हव्यात, म्हणून पूर्ण गाणं डोळे मिटून ऐकणंही बरं नाही.) परीक्षक लक्ष देत नाही असं कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून दिग्दर्शकांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

पहिला स्पर्धक नेहमी मार खातो

ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचे क्रमांक खाली आणि उशिरा वाजवणाऱ्यांचे वर, असा कल दिसला. नाणावलेल्या परीक्षकांच्या बाबतीत हे होत असेल तर आपण सुटणार नाही हे धरून चालावं. पहिल्याला गुण देताना मनात मोजपट्टीच तयार नसते, म्हणून हात आखडतो. मग चांगलं गाणं आलं की गुण चढतात, आणि शेवटी दहा संपतात.

मी तिसरं गाणं होईपर्यंत गुण पेन्सिलने लिहिते. तिसऱ्यानंतर पहिल्या तिघांकडे एकदा परत पाहून ते पक्के करते, आणि मग खोडाखोड नाही. गुण लगेच जाहीर करायचे असतील तर एवढी सोय नसते. तिथे चालू फेरीआधी तालमीतली दोन-तीन गाणी ऐकून घ्यावी, म्हणजे कान तयार होतो.

गुणांच्या बेरजेत एक छुपी अडचण असते, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. समजा एक परीक्षक सगळ्यांना साडेसात ते साडेआठच्या दरम्यान गुण देतो आणि दुसरा चार ते नऊ. पहिल्याच्या दृष्टीने सर्वोत्तम आणि सर्वात कमी गाण्यात फरक एका गुणाचा, दुसऱ्याच्या दृष्टीने पाच गुणांचा. बेरीज केली की दुसऱ्याचंच मत चालतं, पहिला असला काय नि नसला काय. म्हणून किती ते कितीमध्ये गुण द्यायचे हे आधी एकत्र बसून ठरवा, किंवा सरळ क्रम लावा. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेत १९७५ पासून गुण क्रमावरच आहेत: पहिल्या पसंतीला १२, दुसऱ्या पसंतीला १०, मग ८ ते १.

मोठा आवाज, उंच सूर

टाळ्या पडतात त्या ताणलेल्या तार सुराला आणि झपाट्याच्या हरकतींना. त्यात कौशल्य असतंच, पण ते मोजताना हरकतीतला प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला का, ती शब्दाला धरून होती का, हे पाहावं. हळू आवाजात, मींड सांभाळत, एका सुरावर स्थिर राहून गाणं जास्त अवघड आहे, कारण तिथे लपायला जागा नाही. मला या बाबतीत पक्षपाती म्हटलं तरी चालेल. शांत गाण्यांना दूरदर्शन संचावर फारसा वाली नाही, तेव्हा परीक्षकाने तरी तो व्हावं.

मूळ गायकाशी तुलना हीसुद्धा याच घरातली चूक. 'मूळ गाण्यातली ती जागा आली नाही' हा शेरा तेव्हाच योग्य, जेव्हा स्पर्धक तीच जागा घ्यायला गेला आणि हुकला. त्याने मुद्दाम वेगळी वाट धरली असेल तर ती वाट कशी झाली तेवढंच बोला.

शेरा देताना

'भाव कमी पडला', 'मजा नाही आली' यातून स्पर्धकाच्या हाती काही लागत नाही. ओळ सांगा, शब्द सांगा, तिथे काय झालं ते सांगा, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत जमेल अशी एकच दुरुस्ती सांगा. पाच दुरुस्त्या सांगितल्या तर पुढच्या वेळी तो गाण्यापेक्षा त्या आठवण्यात गुंततो. तोंडभर कौतुक करून पाच गुण देऊ नका, घरी जाऊन तो मुलगा रात्रभर विचार करत बसतो की नक्की काय चुकलं. दिसण्याबद्दल, वजनाबद्दल एक शब्दही नको. लहान मुलांसमोर दुसऱ्या मुलाचं उदाहरण देऊ नका. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांना तर आधी विचारावं की गेल्या काही महिन्यांत आवाज बदललाय का. गेल्या वर्षीची पट्टी त्यांच्यावर अन्याय करते.

भविष्यही सांगू नये. जेनिफर हडसन २००४ मध्ये 'अमेरिकन आयडल'मधून सातव्या क्रमांकावर बाहेर पडल्या आणि २००७ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं. 'तू पार्श्वगायक होणार नाहीस' हे सांगायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. समोरच्या चार मिनिटांचं गाणं मोजायला बोलावलंय.

स्वतःचा शिष्य किंवा नातेवाईक स्पर्धेत असेल तर त्या फेरीत गुण देऊ नका. यावर जास्त चर्चा करण्यासारखं काही नाही.

शेजारच्या परीक्षकाशी बोलण्याआधी आकडा कागदावर उतरलेला असावा. गाणं संपताच 'वा!' असं कुणी जोरात म्हटलं की बाकीच्यांचा हात नकळत वर जातो. चर्चा जरूर करा, पण आकडा लिहून झाल्यावर.

आणि चूक झालीच तर? गुण जाहीर होण्याआधी लक्षात आलं तर निर्मात्यांना लगेच सांगा, कारणासकट. नंतर लक्षात आलं तर स्पर्धकाला गाठून सांगा. त्या मुलाचा नंबर मी त्याच संध्याकाळी आयोजकांकडून मिळवला आणि रियाजाबद्दलचं वाक्य मागे घेतलं. गुण बदलले नाहीत, नियमात ते बसत नव्हतं. त्याने फोनवर एकच विचारलं, 'मग मुखडा कसा झाला होता?' माझ्या कागदावर मुखड्यापुढे 'चोख' असं लिहिलेलं होतं. ते मी त्याला वाचून दाखवलं.